‘प्रोटेक्टेड’पाशी अडखळणारा जावा कोर्स

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवणारा जावाचा एक ऑनलाइन कोर्स मी नुकताच पूर्ण केला. ॲक्सेस मॉडिफायर्स (कोडचा कोणता भाग कोठून वापरता येईल हे ठरवणारे ‘प्रायव्हेट’, ‘प्रोटेक्टेड’, ‘पब्लिक’ यांसारखे शब्द) आणि इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याकडून वारसा घेणे) हे विषय त्यात एकत्र शिकवले आहेत, ही त्याची जमेची बाजू. कारण एखादे फील्ड (क्लासमध्ये माहिती साठवणारी जागा) ‘प्रायव्हेट’, म्हणजे त्या क्लासपुरतेच, ठेवावे की नाही हा प्रश्न, उद्या तो क्लास कोणी एक्स्टेंड करील, म्हणजे त्यापासून सबक्लास बनवील, हे गृहीत धरल्याशिवाय सुटत नाही.

‘प्रायव्हेट’वरचा धडा सर्वांत सरस आहे. प्रायव्हेट फील्ड सबक्लासकडे येतच नाही, अशी अनेकांची समजूत असते. येथे डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडून दाखवले आहे की ते फील्ड मेमरीत असतेच, फक्त सबक्लासच्या कोडला ते थेट वापरता येत नाही. प्रायव्हेट मेथडच्याच नावाची मेथड सबक्लासमध्ये लिहिली तर ते ओव्हररायडिंग (वारशाने आलेली मेथड नव्याने लिहिणे) नसून नवी मेथड ठरते, हेही तेथेच उलगडते.

‘प्रोटेक्टेड’ची गाडी मात्र ‘सबक्लासला दिसते’ या वाक्यावरच अडते. त्याच पॅकेजमधल्या (क्लासेसच्या एकाच गटातल्या) इतर सर्व क्लासेसनाही ते दिसते, ही बाब तक्त्याच्या एका चौकटीत उरकली आहे. मी ‘उपकरण’ क्लासमध्ये ‘तापमान’ हे प्रोटेक्टेड फील्ड ठेवले, दुसऱ्या पॅकेजमध्ये त्याचा ‘भट्टी’ हा सबक्लास केला आणि भट्टीच्या एका मेथडला ‘उपकरण’ प्रकारचे पॅरामीटर देऊन त्याचे तापमान वाचू पाहिले, तर कंपायलरने चक्क नकार दिला. पॅरामीटरचा प्रकार ‘भट्टी’ करताच तोच कोड कंपाइल झाला. पॅकेजबाहेरच्या सबक्लासला हे फील्ड स्वतःच्या किंवा स्वतःच्या सबक्लासच्या प्रकारच्या रेफरन्समधूनच वापरता येते. एरवी उपकरणाचा सबक्लास लिहिणारा कोणीही ‘शीतपेटी’सारख्या भावंड क्लासच्या आतल्या स्थितीत हात घालू शकला असता. इतका महत्त्वाचा नियम कोर्समध्ये कोठेही नाही.

ओव्हरराइड करताना ॲक्सेस वाढवता येतो पण कमी करता येत नाही, हे मात्र नीट समजावले आहे. सी प्लस प्लसशी केलेली तुलना त्रोटक असली तरी तेथे ‘क्लास’ने वारसा घेताना मॉडिफायर लिहिला नाही तर तो प्रायव्हेट धरला जातो, हा इशारा उपयोगी आहे.

सर्वांत मोठी निराशा स्वाध्यायांनी केली, कारण त्यांची तपासणी केवळ आउटपुटवर होते. शेवटच्या स्वाध्यायात मी मुद्दाम प्रत्येक फील्ड ‘पब्लिक’ करून पाहिले आणि मला पूर्ण गुण मिळाले.