३१ हंस की ६१ हंस? नारिंगी तारा शोधणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की रात्री आठच्या सुमाराला हंस तारकासमूह सातारा-सांगलीच्या आभाळात उत्तरेला चांगला उंच असतो. हाताशी १० बाय ५० ची बायनॉक्युलर असेल तर हंसातले दोन नारिंगी तारे, ३१ हंस आणि ६१ हंस, शोधता येतील (आकडा म्हणजे त्या समूहातला ताऱ्याचा क्रमांक). सांगली-मिरजेच्या उजेडात गच्चीवरून बघणार असाल, तर आधी ३१ हंस घ्या.

त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ३.८ (आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). देनेब हा हंसातला सगळ्यात तेजस्वी तारा आणि त्याच समूहातला डेल्टा हंस यांच्या साधारण मधोमध तो आहे, देनेबसकट एकाच दृश्यात मावतो. शिवाय शेजारीच निळसर ३० हंस आहे. एकटा नारिंगी तारा बऱ्याच जणांना नुसता पिवळट वाटतो. बाजूला निळा असला की शंका राहत नाही.

६१ हंस म्हणजे ५.२ आणि ६ प्रतीची जोडी. शहरातून नुसत्या डोळ्यांनी विसरा. सातारकरांनी यवतेश्वर ओलांडून कासच्या बाजूला, अमावास्येच्या आसपास जावं. तिथे बारीक ठिपका दिसेल, पण रंग नाही, कारण इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. बायनॉक्युलरमधून मात्र कळतो. देनेब, सद्र आणि एप्सिलॉन हंस हे हंसातले तीन ठळक तारे कोपरे धरून समांतरभुज चौकोन पुरा केला, की चौथ्या कोपऱ्यावर ६१. जोडी सुटी दिसायला बायनॉक्युलर ट्रायपॉडवर हवी, नाहीतर कोपरं कठड्यावर घट्ट टेकवा.

रंग जवळपास सारखा, पण जात अगदी वेगळी. ३१ हा सूर्याच्या शंभराहून अधिक पट व्यासाचा महाराक्षसी तारा, शेकडो प्रकाशवर्षं दूर. ६१ चे दोघेही सूर्याहून लहान, फक्त ११.४ प्रकाशवर्षांवर. त्यांना ३१ च्या जागी नेऊन ठेवलं तर लहान दुर्बिणीतूनही दिसणार नाहीत.

माझा ओढा तरीही ६१ कडे. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने याच ताऱ्याचं अंतर मोजलं, आणि सूर्य सोडून इतर ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर पहिल्यांदा हाती आलं. तो दरवर्षी पाच विकलांहून जास्त सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). दुर्बिणीला कॅमेरा लावत असाल तर दरवर्षी एक फोटो काढा. चार-पाच वर्षांत सरकलेला दिसेल. ३१ कडून ही अपेक्षा ठेवू नका.

डिसेंबरपर्यंत मात्र थांबू नका. तोवर रात्री आठला हंस वायव्येला खाली उतरतो, उसाचं पाचट पेटवल्याचा धूर त्यात भर घालतो, आणि त्या हवेतून पांढरे तारेसुद्धा तांबूस दिसतात.