घरगुती बत्तीसाठी सेल कोणते घ्यावेत: १८६५० आणि ३२७०० यांचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढले, दापोली तालुक्यातल्या आगरांमधल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि आमच्या वाडीत वीज परत यायला महिना उलटून गेला. त्या महिन्यात घरातल्या दोन विजेऱ्या आणि एक तयार विकत घेतलेला आणीबाणीचा दिवा यांपैकी एकही वस्तू आठवडाभरसुद्धा टिकली नाही, आणि तेव्हापासून बत्तीचा पॅक, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलचा संच, स्वतः बांधायचा हे माझ्या मनाने घेतले. गेल्या दोन पावसाळ्यांत मी डोक्याला लावायच्या विजेरीसाठी १८६५० आकाराचे आणि माजघरातल्या बत्तीसाठी ३२७०० आकाराचे, पुन्हा चार्ज करता येणारे लिथियम सेल वापरले. त्यांच्याविषयी जे प्रत्यक्ष मोजले आणि पाहिले तेवढेच येथे लिहीत आहे.

सेल निवडायचा कसा हे मला माझ्या भाच्याने शिकवले. तो आखातात नोकरीला आहे आणि तिथे त्याच्या खोलीतले काही जण ई-सिगारेटचे बॅटरीचे डबे, ज्यांना ते मॉड म्हणतात, घरी जुळवतात. आपल्याकडे ई-सिगारेट बनवणे, विकणे, आयात करणे आणि साठवणे सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने बंद आहे, आणि ते बंदच असावे असे माझे ठाम मत आहे. पण त्या मंडळींना सेलची जी पारख करावी लागते ती विजेरी बांधणाऱ्याच्याही फार उपयोगाची आहे. साध्या मेकॅनिकल मॉडमध्ये धातूची नळी, आत एक सेल, दाबायचे बटण आणि तारेचे वेटोळे एवढेच असते. मध्ये संरक्षणाचे कोणतेही सर्किट नसते. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम असेल तर पूर्ण भरलेला ४.२ व्होल्टचा सेल ८.४ अँपिअर प्रवाह देतो, आणि रोध ०.२ ओहमवर आणला तर तोच आकडा २१ अँपिअरवर जातो. त्या सेलची सतत प्रवाह देण्याची मर्यादा पाच अँपिअरच असेल तर तो आतून तापत जातो आणि शेवटी हातात फुटू शकतो. म्हणून ते लोक सेलवर किती एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणीची क्षमता) लिहिले आहे हे नंतर पाहतात. आधी तो किती अँपिअर झेपवतो ते पाहतात.

हे कळल्यावर माझी खरेदीची पद्धतच बदलली. पॅनासॉनिकचा एनसीआर १८६५० बी हा सेल सुमारे ३४०० एमएएचचा असला तरी तो सावकाश वापरासाठी आहे. त्याची मर्यादा जेमतेम पाच अँपिअरच्या घरात आहे. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा आणि १५ अँपिअरचा, तर २५आर हा २५०० एमएएचचा पण २० अँपिअरचा. क्षमता वाढली की प्रवाहाची ताकद सहसा कमी होते, कारण तेवढ्याच पत्र्यात जास्त ऊर्जा कोंबायची तर आतले थर जाड करावे लागतात आणि रोध वाढतो. माझी डोक्याची विजेरी पूर्ण उजेडावर तीन अँपिअरच्या आसपास ओढते. तिच्यासाठी ३०क्यू घेतला, आणि दोन पावसाळ्यांनंतरही त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याआधी तालुक्याच्या बाजारातून घेतलेल्या स्वस्त सेलविषयी. त्याच्या वेष्टणावर ९८०० एमएएच असे ठळक छापले होते. भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, वरचा आकडा सोडा, आधी सेल काट्यावर ठेवा." आम्ही ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर तो सेल ३१ ग्रॅम भरला आणि शेजारी ठेवलेला ३०क्यू ४६ ग्रॅम. नंतर क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तेव्हा त्यातून ११०० एमएएचसुद्धा धड निघाले नाहीत. या आकाराचा चांगल्यात चांगला सेल ३५०० एमएएचच्या आगेमागे असतो, त्यामुळे त्याच्या तिप्पट आकडा छापलेला सेल दिसला की तो खोटा आहे हे धरून चालावे. १८६५० या नावातले १८ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ६५ म्हणजे लांबी. तेवढ्या जागेत जादू होत नाही. ज्यांना सोनाराचा काटा जवळ नाही त्यांनी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केले तरी पुरेल. चांगला सेल ४३ ग्रॅमच्या खाली सहसा येत नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेलही मी वापरून पाहिले. ते खोटे नसतात, पण थकलेले असतात. आतला रोध शंभर मिलिओहमच्या पुढे गेलेला सेल तीन अँपिअरवर ०.३ व्होल्ट स्वतःच्या पोटातच खातो, विजेरी पिवळसर जळते आणि सेल कोमट होतो. मोबाइल चार्जिंगच्या हलक्या कामासाठी ते चालतील, डोक्याला बांधायच्या विजेरीत मी ते पुन्हा घालणार नाही.

विजेरीविषयी एक गोष्ट सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. या सेलचा सगळा बाहेरचा पत्रा ऋण टोक असतो. धन टोपी आणि पत्रा यांच्यामध्ये फक्त एक बारीक चकती आणि वरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टण एवढाच आडपडदा असतो. वेष्टणाला टोपीजवळ नखाएवढी चीर गेली आणि सेल धातूच्या नळीत सरकला की सरळ शॉर्ट होतो आणि तापून वायू सोडू लागतो. मॉडच्या नळीला निदान वायू बाहेर पडायला भोके ठेवलेली असतात. आपल्या पावसाळी विजेऱ्यांना पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कडी असते, आणि तीच कडी आतला वायूही बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला किंवा कुर्ल्यांसाठी पऱ्यावर जाताना हीच नळी आपल्या कपाळावर असते, हे प्रत्येकाने लक्षात घ्यावे. मी दर महिन्याला वेष्टण पाहतो, चीर दिसली तर नवे वेष्टण चढवतो आणि टोपीखाली बार्ली पेपरची, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची, नवी चकती बसवतो. दोन सेल एकापुढे एक घालायच्या विजेरीत एक नवा आणि एक जुना असे कधीही घालत नाही, कारण दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहून त्याला उलटा चार्ज करतो. सुटा सेल खिशात, किल्ल्यांबरोबर, ठेवण्याचा तर विचारही करू नये. भाचा त्याचे सेल विमानातही प्लास्टिकच्या डबीत, हातातल्या सामानात आणतो.

घरातल्या बत्तीसाठी मात्र मी १८६५० सोडून दिले. ३२७०० हे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत, एकेक ३.२ व्होल्ट आणि ६००० एमएएच, वजन १४० ग्रॅमच्या वर. त्यांच्या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे गैरवापर झाला तरी पेट घेण्याची भीती तुलनेने पुष्कळ कमी असते, आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या शेकड्यांत नव्हे, हजारांत मोजता येतात. ज्या घरात लाकडी माळा आहे आणि गवत भरलेला गोठा भिंतीला लागून आहे, तिथे मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटला. चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्टचा, सुमारे ७७ वॅट-तासांचा पॅक होतो. माझा ९ वॅटचा बारा व्होल्टी दिवा त्यावर आठ तास चालला, म्हणजे संध्याकाळच्या दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. चार सेल मला तेराशे रुपयांना पडले, त्यात संरक्षण सर्किट, १४.६ व्होल्टचा चार्जर आणि होल्डर धरून एकूण खर्च अडीच हजारांच्या आत बसला. सेलला थेट झाळ देऊ नये, उष्णतेने आतले पडदे बिघडतात; सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच, म्हणजे क्षणभर वीज देऊन ठिपक्या-ठिपक्यांनी, लावून घ्याव्यात. ज्या कारागिराने मला त्या लावून दिल्या त्याचे काम नीटनेटके होते. धन तारेवर मोटारीतला १० अँपिअरचा फ्यूज मात्र मी स्वतः बसवला आणि तो सर्वांनी बसवावा.

पहिल्या पावसाळ्यात या पॅकने मला एकदाच दगा दिला. ऑगस्टमध्ये दिवा लुकलुकू लागला म्हणून डबा उघडला, तर दोन पट्ट्यांवर वेल्डच्या ठिपक्यांभोवती तांबूस गंजाची कडी धरलेली. निकेल म्हणून मिळालेल्या त्या पट्ट्या प्रत्यक्षात निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या होत्या. खारे वारे आणि आषाढ-श्रावणातली दमट हवा यांनी वेल्डच्या ठिकाणी उघडे पडलेले पोलाद आधी खाल्ले. देशावर ही पट्टी कदाचित वर्षानुवर्षे टिकेल, किनाऱ्यावर टिकत नाही. आता मी पट्टी घेताना तिचा एक तुकडा सँडपेपरने घासून दोन दिवस मिठाच्या पाण्यात टाकतो. पाणी तांबूस झाले तर पट्टी परत. शुद्ध निकेल महाग आहे, पण चार सेलच्या पॅकला ते वीतभरही लागत नाही. नव्या पट्ट्या लावल्यावर सांध्यांवर पारदर्शक लॅकरचा हात दिला आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या. दुसरा पावसाळा त्यावर कोरडा गेला.

या सेलचे दोषही सांगितले पाहिजेत. ते जड आहेत, १०.८ वॅट-तासांचा ३०क्यू ४६ ग्रॅमचा, तर १९ वॅट-तासांचा हा सेल त्याच्या तिपटीहून जड, त्यामुळे डोक्याला बांधायचे काम त्याचे नाही. १८६५०चा ४.२ व्होल्टचा चार्जर त्याला चालत नाही, एका सेलला ३.६५ व्होल्टपर्यंतच भरावे लागते, आणि घरात दोन्ही चार्जर असतील तर पिना वेगळ्या ठेवाव्यात. मी एकाची पिन बदलून घेतली. पॅक पूर्ण भरलेला असताना बारा व्होल्टचा दाब साडेचौदापर्यंत चढतो, म्हणून त्यावर राउटर लावण्याआधी तो तेवढा सोसतो का हे पाहावे.

दिवाळीनंतर वापर कमी होतो. तेव्हा मी पॅक १३.२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे निम्मा भरलेला ठेवतो, ३०क्यू ३.७ व्होल्टवर आणतो, आणि दोन्ही डबे चुलीपासून व पत्र्याच्या पडवीपासून दूर, कणगीमागच्या थंड कोपऱ्यात ठेवतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते बाहेर निघतात, मल्टीमीटर लागतो, वेष्टणे तपासली जातात आणि मृग लागायच्या आत दोन्ही पूर्ण भरून खुंटीला लागतात.