गोव्यात राहून एरोस्पेस: एनपीटेलच्या अभ्यासक्रमांचे परीक्षण

मेकॅनिकलची पदवी घेऊन पुढे एरोस्पेसमध्ये एमटेक करू पाहणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याला राज्याबाहेर पडण्यापूर्वी घरबसल्या करता येईल अशी सर्वांत भरीव तयारी, माझ्या मते, एनपीटेलवर होते. मात्र ती अर्धीच तयारी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एकत्र येऊन उभा केलेला ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हा उपक्रम आता केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावरून चालतो. व्याख्याने विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

आयआयटी कानपूरचे प्रा. ए. के. घोष यांचा विमानाच्या कामगिरीवरील प्रास्ताविक अभ्यासक्रम मी सर्वांत वर ठेवीन. लिफ्ट (वर उचलणारे बल), ड्रॅग (हवेचा रोध), थ्रस्ट (इंजिनाचा पुढे लोटणारा रेटा) आणि वजन या चारच बलांच्या हिशेबातून विमान किती उंच जाईल, किती दूर जाईल आणि कोणत्या वेगाखाली हवेत टिकणार नाही, हे सारे पायरीपायरीने उलगडत जाते. वजन वाढले की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली विमान हवेत टिकत नाही तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हे एकदा समजले की उड्डाणासाठी लागणारी जमिनीवरची धाव जवळजवळ वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात का वाढते, तेही आपोआप समजते. मे महिन्याच्या दुपारी दाबोळीवर हवा तापून विरळ झालेली असताना तेच विमान तेवढ्याच वजनानिशी अधिक धावपट्टी का खाते, याचे उत्तर याच समीकरणात आहे. त्याच दाबोळीला, आयएनएस हंसा तळावरील चाचणी सुविधेत, तेजसच्या नौदल आवृत्तीने डिसेंबर 2014 मध्ये स्की-जंपवरून, म्हणजे टोकाला वर वळलेल्या आखूड धावपट्टीवरून, पहिले उड्डाण केले आणि 13 सप्टेंबर 2019 रोजी अडकतारेच्या, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला अडकवून थांबवणाऱ्या तारेच्या, साहाय्याने पहिले अवतरण केले. सपाट धावपट्टीचे गणित पुरे झाल्यावर, चढत्या टोकाच्या आखूड धावपट्टीवर त्यात काय बदलेल, हा प्रश्न गोव्यातील शिक्षकाने वर्गात अवश्य घालावा.

आयआयटी मुंबईचे प्रा. भास्कर रॉय आणि प्रा. ए. एम. प्रदीप यांचा जेट प्रणोदनावरील (प्रोपल्शन) अभ्यासक्रम तितकाच भक्कम, पण जड आहे. जेट इंजिन ज्यावर चालते त्या ब्रेटन चक्रापासून कॉम्प्रेसर आणि टर्बाइनच्या पात्यांपर्यंतचा प्रवास थर्मोडायनॅमिक्स पक्के असणाऱ्यालाच झेपतो.

मूल्यमापनाबद्दल मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. असाइनमेंटला 25 आणि अंतिम परीक्षेला 75 टक्के भार असतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम 8 असाइनमेंट धरल्या जातात. साप्ताहिक प्रश्न बहुतांशी पर्याय निवडण्याचे किंवा आकडा भरण्याचे असल्यामुळे सूत्र पाठ केलेला आणि सूत्र सिद्ध करू शकणारा, हे दोघेही एकाच पंक्तीला बसतात. ही उणीव स्थानिक महाविद्यालयातील मेंटॉरने भरून काढायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) घेता येतात. पण त्यासाठी आपल्या संस्थेने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो. तशी मान्यता नसेल, तर हाती केवळ बायोडेटात जोडण्याचा एक कागद उरतो.

उरलेली अर्धी तयारी प्रयोगशाळेत होते आणि ती पडद्यावर मिळत नाही. आयआयटी कानपूरच्या राष्ट्रीय पवनबोगद्याचा (विंड टनेल) चाचणी-विभाग 3 मीटर रुंद व 2.25 मीटर उंच असून त्यात वाऱ्याचा वेग सेकंदाला 80 मीटरपर्यंत नेता येतो. तिथल्या उड्डाण प्रयोगशाळेत बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष विमानात बसून मोजमापे घेण्याचे अल्पकालीन वर्ग मिळत आले आहेत. गोव्यातील फर्मागुडी किंवा झुआरीनगर येथील एखाद्या अभियांत्रिकी विभागाने असा संपर्क जोडला, तर व्याख्यानांचे मोल दुप्पट होईल. संशोधनासाठी तर इस्रोची रिस्पॉन्ड योजना शैक्षणिक संस्थांच्या प्रस्तावांना निधी देते, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर इस्रोचा संयुक्त अवकाश तंत्रज्ञान कक्षही आहे. अशा भागीदारीची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूत विमान कारखाना काढल्यावर दोनच वर्षांत भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग उघडला, आणि जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या विष्णू माधव घाटगे यांनी तिथे अध्यापन करून पुढे त्याच कारखान्यात एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवले. वर्ग आणि कारखाना यांतले अंतर तेव्हा इतके कमी होते. आज गोव्यातच पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत विमानांसाठी कंपोझिटचे (तंतू व रेझिन यांच्या मिश्र पदार्थाचे) भाग तयार होत असताना गोव्यातील विद्यार्थ्याला ते अंतर अधिक वाटावे, हे मला पटत नाही.

एमटेक प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा एरोस्पेसचा पेपर देणाऱ्यांनी जुलैच्या सत्रात विमानाच्या कामगिरीचा अभ्यासक्रम घ्यावा, त्यानंतर स्थैर्य व नियंत्रण यांकडे वळावे. थर्मोडायनॅमिक्स कच्चे असेल तर प्रणोदन त्याच सत्रात घेण्याची घाई करू नये. आधी तो विषय पक्का करावा आणि नाव नोंदवण्यापूर्वी श्रेयांकांबाबत विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्यावा.