'कीप युअर कूल' शोधायचंय? तीन फुकट ऑनलाइन कोशांची पारख

इंग्रजी वाक्प्रचारासाठी फोनवर सहज उघडता येणारे तीन भरवशाचे कोश म्हणजे ऑक्सफर्ड लर्नर्स, केम्ब्रिज आणि मेरियम-वेबस्टर. 'कीप युअर कूल' या एकाच वाक्प्रचारावर तिघांना घासून बघितलं, तर शिकणाऱ्यासाठी ऑक्सफर्ड लर्नर्स उजवा ठरतो.

याचं श्रेय मांडणीला. 'कीप युअर कूल' म्हणजे डोकं शांत ठेवणं आणि 'लूझ युअर कूल' म्हणजे तोल सुटणं, ही जोडी तिथे एकाच ठिकाणी मिळते. सोबत 'इन्फॉर्मल' अशी खूण असते, ती नजरेआड करू नका. गप्पांमध्ये 'शी केप्ट हर कूल' छान वाटतं, पण चौकशी अहवालात 'शी रिमेन्ड काम' असंच लिहावं. एक अडचण आहे. नुसतं 'कूल' टाकलं की आधी विशेषण समोर येतं. वाक्प्रचार नामाच्या नोंदीत आहे, तिथवर जावं लागतं.

केम्ब्रिजमध्ये अख्खा वाक्प्रचार टाइप केला की काम होतं. अर्थही सोप्या इंग्रजीत दिलेला असतो, फक्त जाहिराती सोसाव्या लागतात. मेरियम-वेबस्टर अमेरिकन वळणाचा. तिथे 'युअर'च्या जागी 'वन्स' दिसतं आणि नवखा माणूस तेच वाक्यात घालतो. तो शब्द नुसती रिकामी जागा आहे. कर्त्याप्रमाणे तिथे माय, हिज, हर, देअर येतं.

खरी कसरत आहे ती जवळच्या वाक्प्रचारांची. ते एकेक उघडून ताडून बघावे लागतात, आणि हा वेळ जरूर द्यावा. 'कीप अ कूल हेड' म्हणजे आणीबाणीत नीट विचार करणं. 'प्ले इट कूल' म्हणजे मनातली उत्सुकता चेहऱ्यावर दिसू न देणं. 'कूल ॲज अ ककंबर' अगदी शांत माणसाच्या वर्णनासाठी वापरतात. 'कीप युअर शर्ट ऑन' म्हणजे 'जरा दमानं घे', पण सूर उद्धट. साहेबांना किंवा ग्राहकाला चुकूनही म्हणू नये. 'कीप इट कूल' तर औषधाच्या बाटलीबद्दलही असू शकतं!

सगळ्यात जास्त चूक होते ती 'लूझ'च्या स्पेलिंगमध्ये. इथे 'ओ' एकच. दोन 'ओ' घातले की सैल या अर्थाचा 'लूस' होतो. ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिजमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. 'लूझ'च्या शेवटी 'झ', 'लूस'च्या शेवटी 'स' हे कानाला लगेच कळतं. भूतकाळ 'लॉस्ट', आणि ज्याच्यावर भडकलो त्याच्याआधी 'विथ'. 11 एप्रिल 2019 रोजी जयपूरच्या आयपीएल सामन्यात नो-बॉलवरून धोनी थेट मैदानात उतरला आणि त्याचं त्या सामन्याचं 50 टक्के मानधन कापलं गेलं. हेच इंग्रजीत सांगायचं तर 'धोनी लॉस्ट हिज कूल विथ दि अंपायर्स'.