जर्मनी की ब्रिटन? आधी घरातला पैसा कधी आणि कुठे असतो ते बघा

आमच्या कुटुंबातून दोन मुलं शिकायला बाहेर गेली. पुतण्या इंजिनिअरिंग करून जर्मनीला, भाची बी.कॉम. करून ब्रिटनला. दोघांच्याही फायली मीच लावल्या. तेव्हापासून यावल-फैजपूरकडून कोणी ना कोणी विचारायला येतं, "भाऊ, कोणता देश सोपा?" मी उलट विचारतो: घरात पैसा कोणत्या महिन्यात असतो, कोणाच्या नावावर असतो, आणि ठेवलाय कुठे? हुशार पोरांचे अर्ज मी याच तीन गोष्टींवर अडलेले पाहिले आहेत.

ब्रिटनचं आधी सांगतो, कारण आम्ही अडकलो तिथेच. विद्यापीठाकडून 'कॅस', म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, आलं की पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरतात. म्हणजे लंडनबाहेरही 10,539 पौंड. पौंड 115 रुपयांचा धरला तर 12 लाखांच्या वर, आणि फी वेगळी. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आमचे 22 दिवस झाले होते. जून संपत आलेला, पाऊस लांबलेला, कपाशी सुकत होती. भाऊजींनी ठिबकच्या नळ्यांचे 40 हजार त्याच खात्यातून दिले. त्यांचं काही चुकलं नाही, मीच नीट बजावलं नव्हतं. तीन दिवसांत पैसे परत भरले, पण पासबुकात ती ओळ उमटली होती. पुन्हा 28 दिवस मोजले. व्हिसा हातात आला तेव्हा विद्यापीठाने दिलेल्या शेवटच्या तारखेला आठ दिवस उरले होते. ते दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही.

सप्टेंबरचा प्रवेश धरला तर हे 28 दिवस नेमके पेरणीत येतात. बियाणं, खत, मजुरी, सगळा पैसा बाहेर. केळीवाल्या घराला एकवेळ जमतं. कपाशीचा पैसा मात्र दिवाळीनंतर येतो आणि जूनपर्यंत संपतो. अशा घराने ब्रिटनच्या जानेवारीच्या प्रवेशाचा जरूर विचार करावा. सगळे अभ्यासक्रम तेव्हा सुरू होत नाहीत, पण बरेच होतात.

पैसा कोणाच्या खात्यात आहे यावरही तिथे बोट ठेवतात. मुलाचं किंवा आईवडिलांचं खातं चालतं. काकांचं, आजोबांचं नाही. एकत्र कुटुंबात सगळा व्यवहार आजोबांच्या नावावर असतो, तेव्हा रक्कम आधीच वडिलांच्या खात्यात वळवून घ्या. पतसंस्थेतली ठेव धरून बसू नका, ती मोडून बँकेत आणा. सातबारा दाखवून उपयोग नाही. सोनंही मोडल्याशिवाय कामाचं नाही. आईवडिलांचे पैसे असतील तर त्यांचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. मुलाच्या स्वतःच्या नावावर मान्यताप्राप्त शैक्षणिक कर्ज मंजूर असेल, तर बँकेच्या पत्रावर भागतं आणि त्या रकमेला 28 दिवसांची अट नसते. शेतकरी घराला मला हाच रस्ता बरा वाटतो.

जर्मनीत ही कटकट नाही, पण एकदम मोठी रक्कम काढावी लागते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरायचे. युरो शंभराचा धरला तरी 11 लाख 90 हजार. मुलगा तिकडे पोचला की त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. पैसे किती दिवस पडून होते हे कोणी बघत नाही, आणि मधेच ठिबकसाठी काढताही येत नाहीत. व्हिसा नाकारला तर रक्कम परत मिळते.

तिथली खरी परीक्षा कागदांची आणि वेळेची. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याची फी 18,000 रुपये. आपल्या मार्कशीट आणि पदवी खऱ्या आहेत का, हे त्यात तपासलं जातं. पुतण्याच्या एका मार्कशीटवर आडनावात एक 'ए' जास्त होता. तो दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठात चार खेपा झाल्या. एपीएसला काही आठवडे, पुढे व्हिसाला काही आठवडे ते महिने. ब्रिटनचा निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो. जर्मनीला जायचं तर वर्षभर आधी उठावं लागतं.

एवढं करून मिळतं काय, तर सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो घेतात, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही घेतं. एजंटकडे गेलात तर सावध राहा: सरकारी विद्यापीठाकडून कमिशन मिळत नाही, म्हणून फी घेणाऱ्या खासगी कॉलेजचीच नावं पुढे केली जातात. तीन वर्षांची पदवी असेल तर मास्टर्सला किती क्रेडिट (अभ्यास किती झाला ते मोजणारे अंक) मागतात ते आधी वाचा, काही विद्यापीठं तिथेच अडवतात.

आरोग्याचा खर्च ब्रिटन अर्जासोबतच घेतं: वर्षाला 776 पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून लांब असतो, म्हणून दीड वर्षाचे एकूण 1,164. शिवाय ठरलेल्या क्लिनिकमध्ये टीबीची तपासणी. जर्मनीत विम्याचा हप्ता दरमहा, त्या 992 मधूनच जातो. शिकताना काम ब्रिटनमध्ये आठवड्याला 20 तास, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस. जर्मन येत नसेल तर छोट्या शहरात ते मिळणं कठीण, हे पुतण्याने अनुभवलं. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये दोन वर्षं थांबता यायचं, पण 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिनेच. जर्मनीतही 18 महिने. त्यामुळे ब्रिटनची ती जमेची बाजू आता धरू नका.

कॅनडाची झटपट विद्यार्थी व्हिसाची एसडीएस योजना नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली आणि फी सोडून 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. अमेरिकेत सगळं मुलाखतीवर, परत येण्याचा इरादा पटवून द्यावा लागतो. दोन्हीकडे सध्या अनिश्चितता जास्त आहे, कर्ज काढून जाणाऱ्याला मी तिकडे पाठवणार नाही.

इंजिनिअरिंग किंवा विज्ञान, चांगले गुण आणि हातात एक वर्ष असेल तर मी जर्मनी सांगतो. कॉमर्स, इंग्रजीची तयारी आणि मुलाच्या नावावर मंजूर कर्ज असेल तर ब्रिटन. दोन्हीपैकी काहीही ठरो, आज रात्री दहावीची मार्कशीट, पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. रकमा मात्र अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारच्या साइटवर पुन्हा तपासा, त्या बदलत असतात.