पेबलचं तांबं की ब्रिस्टॉल बेचा सॅमन?

अलास्काच्या नैऋत्येला इलियामना नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याच्या उत्तरेला, नुशागाक आणि क्विचाक या नद्यांच्या उगमाकडे जमिनीखाली पेबलचा साठा आहे. तिथे खाण काढू पाहणाऱ्या कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ६५० कोटी टन खनिज आहे आणि त्यात अडीच कोटी टनांहून जास्त तांबं, सात कोटी औंस सोनं, शिवाय मॉलिब्डेनम हा धातू. याच नद्यांतून दर उन्हाळ्यात कोट्यवधी सॉकाय जातीचे सॅमन मासे समुद्रातून वर चढतात. त्या नद्या ज्या ब्रिस्टॉल बे या उपसागराला मिळतात, तिथूनच जगातला जवळपास निम्मा सॉकाय येतो. (आपल्या बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून मिळणारा रावस वेगळा. त्याचं सॅमनशी नातं नावापुरतंच.)

माझा कौल नदीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगते. पण खाणीची बाजू कमजोर नाही, आणि ती पूर्ण ऐकल्याशिवाय कौल देऊ नये.

तांबं लागणारच आहे. विजेच्या तारा, पवनचक्क्या, विजेवरच्या गाड्या, सगळ्यांना ते हवं. दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो, तो तिथल्या गावांचा. बहुतेक गावांना बाहेरून रस्ता नाही. सामान विमानाने नाहीतर बार्जने येतं, त्यामुळे इंधनापासून दुधापर्यंत सगळं महाग. मासेमारीचा मुख्य हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. १९७० च्या दशकात परवान्यांची संख्या मर्यादित केल्यानंतर स्थानिकांचे बरेच परवाने हळूहळू बाहेरच्यांच्या हाती गेले. भावाचाही भरवसा नाही: २०२२ मध्ये पौंडाला १ डॉलर १५ सेंट हा मूळ भाव होता, पुढच्याच वर्षी तो ५० सेंटवर आला. बोटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अशा ठिकाणी कोणी बारमाही पगाराची नोकरी देऊ करत असेल, तर इलियामना परिसरातल्या काही लोकांनी खाणीला हो म्हटलं यात नवल नाही. त्यांना पैशाचे लोभी ठरवणं अन्यायाचं आहे.

आता आकडे. खाण चालू झाल्यावर सुमारे ८५० नोकऱ्या आणि बांधकामाच्या काळात साधारण २,००० असा कंपनीचा अंदाज होता. ब्रिस्टॉल बेच्या सॅमनवर २०१९ मध्ये सुमारे १५,००० रोजगार आणि २२० कोटी डॉलरची उलाढाल उभी होती, असं मासेमारीच्या बाजूने मांडलं जातं. ही तुलना पाहून लगेच निकाल लावू नका. त्या १५,००० पैकी बरेचसे रोजगार हंगामी आहेत आणि त्यांतला मोठा वाटा अलास्काबाहेरच्या माणसांकडे जातो. या हिशेबात मासेमारी जिंकते, पण माझं मत ज्यावर ठरलं ते हे आकडे नव्हेत.

ते ठरलं खाणीतून काय मागे उरतं यावर. या खनिजात तांबं आहे साधारण ०.४ टक्के. म्हणजे हजार किलो दगड फोडला की जास्तीत जास्त चार किलो तांबं बाहेर जाणार आणि बाकी जवळजवळ सगळा भुगा, पाण्यात कालवलेला, तिथेच धरणाआड राहणार. कंपनीच्या आराखड्याप्रमाणे रोज १ लाख ८० हजार टन, वीस वर्षं. खनिजात गंधकयुक्त पायराइट आहे. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते दगडातले धातू विरघळवून सोबत नेतं. म्हणून खाण बंद झाल्यावरही पाणी शुद्ध करत राहावं लागतं, त्याला शेवटची तारीख नसते.

आणि सॅमन आपला जन्माचा ओढा शोधतो वासावर. पाण्यात विरघळलेलं तांबं नेहमीपेक्षा अब्ज भागांत केवळ काही भागांनी वाढलं, तरी पिल्लांची वास घेण्याची शक्ती मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. मासा मेलेला दिसणार नाही, वरून सगळं ठीक वाटेल. पण शिकारी मासा जवळ आल्याचं त्या पिल्लाला कळणार नाही.

धरण फुटणार नाही, असं सांगितलं जातं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या माउंट पॉली या तांबं-सोन्याच्या खाणीचं धरण ४ ऑगस्ट २०१४ ला फुटलं आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी-गाळ खालच्या सरोवरांकडे धावला. पायाखालचा हिमनदीच्या गाळाचा कमकुवत थर रचना करताना ध्यानातच आला नव्हता.

खाणीच्या बाजूने एक नेहमीचा युक्तिवाद येतो: एवढ्या मोठ्या पाणलोटातले थोडेसेच ओढे जातील. कंपनीच्या २०२० च्या आराखड्याने सॅमनचे सुमारे १४ किलोमीटर ओढे, त्यांना पाणी पुरवणारे आणखी सुमारे १४६ किलोमीटर ओढे आणि २,१०० एकर पाणथळ जागा नष्ट झाल्या असत्या. नकाशावर हे खरंच लहान दिसतं. पण कोरडवाहू शेतकरी एकाच पिकावर वर्ष काढत नाही, तशीच ही मासेमारी शेकडो ओढ्यांवर टिकून आहे. एका वर्षी एका ओढ्याची पिल्लं जगतात, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची. माशाच्या कानातल्या खड्यावर प्रत्येक ओढ्याच्या पाण्याची खूण उमटते, तिच्यावरून शास्त्रज्ञांनी हे ताडून पाहिलं आहे. आज रिकामा वाटणारा ओढा दहा वर्षांनी सगळा हंगाम तारून नेऊ शकतो. २०२२ मध्ये विक्रमी, म्हणजे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. १८८४ पासून इथे व्यापारी मासेमारी चालू आहे; युपिक, डेनाइना आणि अलुतीक या मूळनिवासी लोकांची मासेमारी त्याच्या हजारो वर्षं आधीपासून.

अलास्कात खाणच नको, असं माझं म्हणणं नाही. वायव्येला रेड डॉगची जस्ताची खाण १९८९ पासून चालते. जमीन स्थानिक मूळनिवासींच्या महामंडळाची आहे आणि नफ्यात त्यांचा वाटा आहे. पण तिथल्या ओढ्यात खाणीआधीपासूनच नैसर्गिक धातू इतके होते की मासे फारसे नव्हतेच. पेबलची गत नेमकी उलटी आहे.

ठरवायला बसलात तर एक गोष्ट जरूर पाहा. वीस वर्षांच्या त्या आराखड्यात साठ्याचा पाचवा हिस्साही निघत नव्हता. रस्ता, बंदर, वीज एवढं सगळं उभं केल्यावर उरलेलं तांबं जमिनीत सोडून कोण जाईल? तेव्हा परिणाम मोजायचे ते पूर्ण खाणीचे.

अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये खाणीला परवाना नाकारला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ पाणी कायद्याखाली मनाई केली, आणि तिला अलास्का राज्याने आणि कंपनीने न्यायालयात आव्हान दिलं. अँग्लो अमेरिकन ही मोठी खाण कंपनी २०१३ मध्ये या प्रकल्पाच्या भागीदारीतून बाहेर पडली. रिओ टिंटो या दुसऱ्या खाण कंपनीने २०१४ मध्ये आपले शेअर अलास्कातल्या दोन धर्मादाय संस्थांना देऊन टाकले. डिसेंबर २०२२ मध्ये इलियामनाच्या काठावरच्या पेड्रो बे गावच्या मूळनिवासींच्या महामंडळाने मोबदला घेऊन ४४,००० एकरांहून जास्त जमिनीवर कायमचे निर्बंध मान्य केले. खाणीचा रस्ता त्याच जमिनीवरून जायचा होता.