स्वप्नात ध्यानाला बसताना : म्हैसमाळच्या एका निवासी शिबिराविषयी

छत्रपती संभाजीनगरमधील एक ध्यानवर्ग म्हैसमाळला सजग स्वप्नांचे निवासी शिबिर घेतो. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे, ज्याला ल्युसिड ड्रीम म्हणतात, आणि ते भान टिकवून स्वप्नातच ध्यानाला बसणे, हा शिबिराचा विषय आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा कालावधी असून निवास आणि भोजनासह साडेतीन हजार रुपये शुल्क घेतले जाते. मी अनेक वर्षे नियमित ध्यानाला बसते, त्यामुळे उत्सुकतेने गेले, आणि तेथे शिकवलेले बरेच काही मला मोलाचे वाटले. मात्र जाहिरातीत दिलेले आश्वासन आणि दोन रात्रींत खरोखर घडू शकणारी गोष्ट यांत मोठे अंतर आहे, ते नाव नोंदवण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

पहिल्या सत्रात विषयाची पार्श्वभूमी सांगितली गेली आणि ती सांगण्यातला संयम मला विशेष भावला. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’ हे ३८ वे सूत्र आहे. स्वप्नातून किंवा झोपेतून येणारे ज्ञान मन स्थिर करण्याचे आलंबन, म्हणजे आधार, होऊ शकते, एवढेच ते सांगते. शिबिर घेणाऱ्या शिक्षकांनी, म्हणजे सरांनी, या एका ओळीवर सगळ्या आधुनिक संशोधनाचा डोलारा उभा केला नाही. आपला अभ्यास मुख्यतः तिबेटी बौद्ध परंपरेतील, नारोपा या बौद्ध आचार्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांपैकी स्वप्नयोगाकडून घेतलेला आहे, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, शरीराचे बहुतेक स्नायू निश्चल असतात, पण डोळे हलू शकतात; याच आधारावर १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली यांच्याकडून, आधी ठरवून ठेवलेल्या नेत्रहालचालींच्या रूपाने, स्वप्नातूनच संकेत नोंदवून घेतला. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले, आणि २०२१ च्या एका अभ्यासात झोपलेल्या काही व्यक्तींनी आठातून सहा वजा करण्यासारख्या प्रश्नांची उत्तरे स्वप्नातून दिली. हे ऐकल्यावर साशंक मंडळींचा सूर बदलला आणि शिबिराला खरी सुरुवात झाली.

भान आणण्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत आणि त्या नीट शिकवल्या जातात. उठल्याबरोबर स्वप्न वहीत उतरवणे, दिवसभरात एखादी पाटी दोनदा वाचून अक्षरे बदलतात का ते पाहणे, नाक दाबून श्वास घेता येतो का ते तपासणे, अशा सवयी लावल्या जातात, म्हणजे स्वप्नातही तीच तपासणी व्हावी आणि तेथे अक्षरे बदलली किंवा दाबलेल्या नाकाने श्वास घेता आला की हे स्वप्न आहे हे कळावे. पहाटेच्या सुमारास उठवून, थोडा वेळ जागे ठेवून, ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करून पुन्हा झोपायला सांगतात, कारण रेम झोपेचे टप्पे सकाळकडे लांबत जातात. येथे व्यवस्थेतील उणीव जाणवली. संकल्पानंतर लवकर झोप लागणाऱ्यांना यश अधिक मिळते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले होते. सामाईक खोलीत भगभगीत ट्यूबलाइट लावून आणि चहासोबत गप्पा मारून त्या लवकर येणाऱ्या झोपेचीच वाट अडवली जाते. मंद दिवा आणि मौन एवढी दुरुस्ती सहज करता येईल.

शिबिराचे खरे मोल शनिवारी दुपारच्या सत्रात आहे. भान आल्यावर बहुतेकांना उडावेसे किंवा हवे ते दृश्य घडवावेसे वाटते, आणि त्या उत्साहानेच जाग येते. ध्यानाची सवय असलेल्यांची अडचण निराळी असते: ते स्वप्नात बसतात आणि सवयीने डोळे मिटतात, दृश्य नाहीसे होते आणि ते अंथरुणात जागे होतात. सरांचे सांगणे असे होते की डोळे मिटू नयेत, आधी तळहात एकमेकांवर चोळावेत, पायांखालच्या जमिनीचा स्पर्श घ्यावा आणि दृश्य बदलू लागले तर त्याला धरून न ठेवता केवळ त्या बदलाकडे पाहावे. स्वप्नावर हुकमत गाजवण्याचा आग्रह सोडला तर भान अधिक टिकते, हा मुद्दा त्यांनी घाई न करता, प्रत्येकाचे स्वप्न ऐकून घेऊन समजावला. मला शिबिरात सजग स्वप्न पडले नाही, पण घरी परतल्यावर बऱ्याच काळाने एका पहाटे पडले; ओळखीच्या वाड्याच्या ओसरीवर मी बसले होते, समोरची भिंत पुन्हा पुन्हा रंग बदलत होती, आणि तिला काहीही करायला न लावता मी तिच्याकडे पाहू शकले. अवधी फार थोडा होता, परंतु ध्यानाच्या बैठकीत ज्याला साक्षीभाव म्हणतो तो इतक्या निर्भेळपणे मला जागेपणी क्वचितच साधला आहे.

म्हणूनच ‘दोन रात्रींत सजग स्वप्न’ ही जाहिरात मला खटकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांमध्ये सजग स्वप्नांचे प्रमाण अधिक आढळले, परंतु आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस (वर्तमान क्षणाकडे लक्ष देण्याच्या) अभ्यासक्रमाने नवख्यांमध्ये ते वाढले नाही. आठ आठवडे जेथे पुरले नाहीत तेथे एका शनिवार-रविवारकडून अपेक्षा ठेवणे योग्य नाही. त्यातही प्रत्यक्ष बैठकीला वेळापत्रकात फार कमी वेळ आहे. स्वप्नांच्या कथनातला थोडा वेळ काढून तिकडे द्यायला हवा.

झोपेच्या प्रश्नाकडेही आयोजकांनी गांभीर्याने पाहावे. कन्नड आणि वैजापूर तालुक्यांतून आलेले काही शेतकरी सहभागी रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देतात. झोप मोडणे हा त्यांच्यासाठी प्रयोग नसून हंगामभरचा त्रास आहे. त्यांना शिबिरात पहाटे उठवण्याऐवजी, घरी पाणी देऊन परतल्यावर झोपताना संकल्प करायला सुचवले असते, तर झोपही वाचली असती आणि अभ्यासही झाला असता. अल्झायमरवरील गॅलँटामाइन हे औषध सजग स्वप्नांसाठी घेण्याविषयी कोणी विचारले, तेव्हा सरांनी ठाम नकार दिला, हे उत्तम झाले. मात्र मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, ही सूचना तोंडी आणि तीही दुसऱ्या दिवशी आली. ती नोंदणी अर्जातच छापलेली हवी.

भोजन साधे आणि चांगले होते, संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि पिठले लवकर वाढले जाई, अंथरुणे स्वच्छ होती. रोज ध्यानाला बसण्याची सवय असलेल्यांनी हे शिबिर जरूर करावे. ज्यांची बैठक अजून सुरू झालेली नाही, त्यांनी याच वर्गाच्या शहरातील सकाळच्या ध्यानसत्रांना काही महिने जावे आणि मग म्हैसमाळसाठी नाव नोंदवावे.